सरांचा श्वान-किनारा

कुत्रं दिसलं की आमचे सर खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. ऑफिसात असले तर ऑफिसच्या खुर्चीवर, लग्नात असले तर मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि खुर्ची नसेल तर सरळ जीपच्या बोनेटवर. अशा माणसाने कुत्र्यांना मोकळं पळता यावं म्हणून तलावाकाठी खास किनारा बांधायचा ध्यास का घ्यावा, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर थोडं कळलं, पण जेवढं कळलं त्याने गोंधळ वाढलाच. आता ते निवृत्त झाले आहेत, ऑफिसात त्यांच्या जुन्या खोलीशेजारीच मी अजून बसते, आणि चहा पिताना कधीकधी स्वतःलाच विचारते, की हा माणूस भोळा होता की भलताच हुशार होता?

नागपूरला अगदी चिकटून असलेली आमची नगर परिषद. नागपूर कुठे संपतं आणि आम्ही कुठे सुरू होतो, हे लोकांना फक्त घरपट्टी भरताना आठवतं. सर तिथे अभियंता होते आणि मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता. मी पारशिवनीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. कुत्री, म्हशी, विंचू यांचं मला काही वाटत नाही. सर मात्र जन्मापासून भर नागपुरातल्या धंतोलीतले. 'तेव्हा इथं एवढे दवाखाने नव्हते,' असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि मग त्या माणसाकडे अशा नजरेने बघत, की सगळे दवाखाने त्यानेच येऊन बांधले आहेत.

कुत्र्यांशी ते हिंदीत बोलत. "जाओ भैया, उधर जाओ, इधर कुछ नहीं है." मी एकदा विचारलं, "सर, मराठीत काहून नाही बोलत?"

"कुत्र्याले मराठी समजते का मॅडम?" सर म्हणाले. "अख्ख्या नागपुरात कुत्र्याशी मराठी बोलणारा एक माणूस दाखवा मले. घरात बायकोशी मराठी बोलते, पोराशी इंग्रजी बोलते, अन् कुत्र्याले म्हणते, बैठ."

पारशिवनीला आमच्या घरी कुत्र्याशी मराठीच बोलतात, पण खरं सांगायचं तर तिकडची कुत्री ऐकतही नाहीत.

बारा महिने त्यांच्या हातात छत्री असे. ऊन, पाऊस आणि कुत्री अशी तिची तीन कामं होती. कोणाला सरळ 'नाही' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. नाही म्हणायची वेळ आली की ते म्हणत, "त्रुटी आहे." कोणाच्या लग्नात यजमानाने सहज विचारलं, 'जेवण कसं होतं जी?' तर सर गंभीरपणे म्हणत, "उत्तम. एकच त्रुटी. भाताले वाफ कमी." यजमान हसत, कारण त्यांना वाटे साहेब गंमत करत आहेत. सर गंमत करत नव्हते. पुढच्या लग्नाला भाताला वाफ आहे का, हे ते खरोखर तपासून बघत.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून एकच गोष्ट शिकवली. आमच्याकडे बांधकाम परवानगीच्या फाइली येतात. त्यांत कागद कमी असला, नकाशा चुकला, की फाइल त्रुटी लिहून परत जाते. अर्जदार ती त्रुटी भरून काढतो, म्हणजे पूर्तता करतो, आणि फाइल पुन्हा येते.

"सगळ्या त्रुटी एकाच वेळी काढायच्या," सर म्हणाले. "माणूस पूर्तता करून आला, की मुकाट्यानं सही करायची. कोणी साहेब एकेक करून नवी नवी त्रुटी काढून राहिला ना, त समजून जायचं. त्याले फाइल मंजूरच करायची नाही. सरळ नाही म्हणायची त्याची हिंमत होत नाही, बस."

हे त्यांचं तत्त्व होतं आणि ते त्यांनी नोकरीभर पाळलं. लोक आमच्या मजल्यावर येताना हातात मिठाई आणत आणि सर ती परत करत, पण पूर्तता झालेली फाइल त्यांनी कधी रोखली नाही.

त्यांची आणखी एक सवय मला फार दिवस कोड्यात टाकत होती. कामासाठी आम्हाला अधूनमधून कळमेश्वरला जावं लागे. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकाजवळ सर जीप थांबवायला सांगत. आमचे ड्रायव्हर काका जुने, त्यांना सांगावंही लागत नसे, गाडी आपोआप हळू होई. फाटकाच्या बाजूला कँटीनच्या उकिरड्यावर पाच-सात कुत्री लोळत असायची. सर काच दोन बोटं खाली करत, त्या फटीतून एकेका कुत्र्याकडे निरखून बघत, काच वर करत आणि म्हणत, "चला." ज्याला कुत्र्याची एवढी भीती, तो वाट वाकडी करून कुत्री बघायला का थांबतो? मी काकांना विचारलं, तर काका आरशात बघत म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. साहेबाईचं आहे काहीतरी."

त्या किनाऱ्याची सुरुवात झाली ती ऐन मे महिन्यात. कूलरच्या आवाजात सरांनी मला आत बोलावलं.

"मॅडम, आपल्याले एक बीच काढायचा आहे."

"कुठी सर?"

"तलावावर."

"कोणासाठी?"

"कुत्र्यांसाठी."

मी माठातलं पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी प्यायलं आणि म्हणाले, "ऊन नाही लागलं मले. बसा."

मग त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्राचा काठ, पांढरी वाळू, आणि वाळूत गळ्यातले पट्टे काढलेली दहा-वीस कुत्री वेड्यासारखी धावताहेत, पाण्यात उड्या मारताहेत. कोणीतरी बाई हसत होती, पण ती दिसत नव्हती, फक्त तिचं हसू ऐकू येत होतं. सरांनी व्हिडिओ संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लावला. कुत्री पडद्यावर असल्यामुळे सरांचे पाय खालीच होते.

"ऑस्ट्रेलियात प्रत्येक गावाची नगर परिषद असा किनारा ठेवते," ते म्हणाले. "तारेचं कुंपण, एकामागे एक दोन दरवाजे, प्यायचं पाणी, घाण उचलायले पिशव्या. आत गेलं की पट्टा काढायचा. आपल्या तलाव सौंदर्यीकरणात एक तुकडा बाकी आहे. तिथं बसते हे."

त्या तुकड्यावर नगरसेवकांना रंगीत कारंजं हवं होतं. कारंज्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो. कुत्र्यापुढे उभं राहून मत मागता येत नाही, असं एका नगरसेवकाने सभेत उघड सांगितलं. आणि ज्या गावात समुद्र सोडा, धड नदीही नाही, तिथे बीच हा विषय कोणत्या खात्याचा? उद्यानवाले म्हणाले, यात झाड कुठे आहे? पाणीपुरवठा म्हणाला, आम्ही पिण्याचं पाणी बघतो, पोहायचं नाही. आरोग्य विभाग म्हणाला, आमच्याकडे फक्त मोकाट कुत्री येतात, मालकाची कुत्री म्हणजे खाजगी बाब. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, आणि जो तो ती उघडून आधी हसायचा, मग गोंधळायचा, मग पुढे सरकवायचा. शेवटी ती सरांकडेच आली. सरांना हेच हवं होतं असं मला वाटलं, पण खात्री नव्हती.

आम्ही मोजमाप घ्यायला गेलो. मे महिन्यात तलाव इतका आत गेलेला असतो, की काठावर चांगलं मैदान मोकळं होतं. टेप धरून मी खूश झाले, म्हटलं केवढी मोठी जागा. सर छत्रीखालून म्हणाले, "ही जागा पावसाळ्यात पाण्याखाली असते. आपण उन्हाळ्याचा किनारा मोजून राहिलो." मग त्यांनी कोळ्यांना विचारलं, पाणी भरल्यावर कुठवर येतं. कोळी म्हणाले, त्या उंबरापर्यंत. म्हणजे मैदानाचा झाला पट्टा. सर त्यावरही खूश दिसले. एवढ्यात कुठूनतरी एक खरुजलेलं कुत्रं शेपूट हलवत आलं आणि सर टेपचं टोक सोडून बोनेटवर जाऊन बसले. पुढचं सगळं मोजमाप त्यांनी तिथूनच ओरडून करून घेतलं.

नियमाप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या. नोटीस वर्तमानपत्रात आली, आणि सुनावणीच्या दिवशी सभागृह भरून गेलं. गावात अशी आवई उठली होती, की नागपुरातली सगळी मोकाट कुत्री पकडून आमच्या तलावावर आणून सोडणार. आधी ती समजूत दूर करण्यातच अर्धा तास गेला. मग हरकती सुरू झाल्या.

"माह्या म्हशी रोज त्याच जागी पाण्यात बसतेत," एक गवळी म्हणाला. "त्याइले पट्टा लावा लागन का?"

"म्हशीले नाही," सर म्हणाले. "नोंद घ्या मॅडम."

"कुत्र्यानं मासोळी खाल्ली त पकडा कोणाले?" मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले.

"रास्त प्रश्न. नोंद घ्या."

"बायांसाठी येगळी वेळ ठेवा," मागून एक बाई म्हणाल्या. बायांसाठी की बायांच्या कुत्र्यांसाठी, हे कोणाला कळलं नाही, आणि त्यांनाही विचारल्यावर सांगता आलं नाही. तीही नोंद मी घेतली.

एका दणकट मुलाने आपलं लॅब्रॅडोर सोबत आणलं होतं. सरांचे पाय आधीच खुर्चीवर होते. मुलगा म्हणाला, "सर, आमच्या टायगरचा पट्टा काढला का तो सरळ घरी जाते. त्याचं काय कराचं?"

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र असा उजळला होता, की मला काही समजेना. इतक्या शिव्या, इतके फाटे, आणि हा माणूस आनंदात! प्रत्येक हरकतीला किनारा थोडा आखडत गेला. म्हशींना जागा, कोळ्यांना जाळी, सकाळी फिरणाऱ्यांना वेगळी वाट. शेवटी पंपहाउस आणि गणपती विसर्जनाचं टाकं यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी उरली. ऑस्ट्रेलियातलं कुत्रं तिथे दोन उड्यांत या टोकाहून त्या टोकाला गेलं असतं. एवढ्याशा पट्टीत कारंजं मावेना म्हणून ते बारगळलं, आणि पट्टी मंजुरीसाठी वर गेली.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या खोलीत डबा खायला बसलो. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्यापासून सर स्वतःच डबा करून आणत. भाजीत नेहमी काहीतरी कमी असे, आणि ते काय कमी आहे हे ते स्वतःच मोठ्याने सांगत. त्या दिवशी ते भाजीबद्दल बोलले नाहीत. म्हणाले, "मंजुरी आली का तिची शेवटची त्रुटी मिटते."

"कोणाची सर?"

"पोरीची."

त्यांना एक मुलगी आहे एवढंच मला माहीत होतं. ती ऑस्ट्रेलियात असते, बाई गेल्या तेव्हा दहा दिवस येऊन गेली, एवढं ऐकलं होतं. सर सांगू लागले. बाई गेल्यावर त्यांनी तिला फोनवर म्हटलं, ये ना आता इकडे राहायला. ती म्हणाली, बाबा, तुमच्या घरात उन्हाळ्यात बसवत नाही. सरांनी एसी बसवला. मग ती म्हणाली, संडास जुन्या पद्धतीचा आहे. सरांनी तो बदलला. ती म्हणाली, मला घरून काम करायला चांगलं इंटरनेट लागतं. सरांनी फायबर घेतलं, आणि ते किती जोरात चालतं याचा फोटो तिला पाठवला. मग ती म्हणाली, 'अन् माझ्या कुत्र्याला मोकळं कुठे सोडू बाबा? तिथे आहे का अशी जागा?' आणि तो व्हिडिओ पाठवला. हसणारी बाई तीच होती.

"तवाच ठरवलं," सर म्हणाले. "पूर्तता करून टाकू."

माझा घास हातातच राहिला. पहिल्या दिवशी याच खोलीत, याच टेबलापाशी त्यांनीच मला शिकवलं होतं, की एकेक करून नवी त्रुटी काढणाऱ्याला फाइल मंजूरच करायची नसते. सगळ्या गावाला ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पोरीचं एवढं साधं कळू नये? मला त्यांची फार दया आली, आणि थोडा रागही आला. ती येणार नाही सर, असं ओठांवर आलं होतं.

"काहून थांबल्या?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर. भाजीत मीठ कमी आहे."

"आहेच," ते म्हणाले.

काही दिवसांनी कळमेश्वरहून येताना त्या फाटकापाशी जीप पुन्हा हळू झाली. सरांनी काच खाली केली, बघितलं, वर केली. मग 'चला' म्हणायच्या ऐवजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "कान पाहून राहिलो होतो."

"कोणाचे?"

"पोट्टी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. रस्त्यावरून एक पिल्लू उचलून आणलं तिनं. त्याचा एक कान उभा अन् एक पडलेला. मी पलंगावरून खाली उतरलो नाही आठवडाभर. जेवण पलंगावर, पेपर पलंगावर. मंग एक दिवस ती शाळेत गेली अन् मी पिल्लू पोत्यात घालून इथं आणून सोडलं. कँटीन आहे, म्हटलं, उपाशी मरणार नाही." काका पुढे बघून गाडी चालवत होते. सर सांगत राहिले. "तिले सांगतलं, पारशिवनीले एका शेतावर पाठवलं. मस्त राहते तिकडे. तिनं कितीक वेळा म्हटलं, बाबा, आपण पारशिवनीले जाऊ, भेटून येऊ. मी म्हणो, पुढच्या रविवारी. तुम्ही पहिल्या दिवशी गाव सांगतलं ना मॅडम, मले घामच फुटला होता."

"मग?"

"मंग तिले कळलं. कसं कळलं कोणास ठाऊक." काकांनी उगीचच हॉर्न वाजवला. "ती रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारणं बंद केलं. पारशिवनीचं नाही विचारलं, दुसरंही काही नाही विचारलं. मोठी झाली, शिकली, गेली. फोनवर हो, नाही, बरं आहे. इतकी वर्षं."

त्या पिल्लाचं आयुष्य केव्हाच संपलं असणार, हे सरांनाही माहीत होतं. तरी ते पडलेला कान शोधत होते, त्याच्या नातवंडांत, पतवंडांत. मला हसावं की रडावं कळेना आणि मी खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा बघत बसले.

मंजुरी यायला पुढचं वर्ष उजाडलं. सरांच्या निवृत्तीच्या आधी कुंपण उभं राहिलं, दोन दरवाजे लागले, वाळूचे ट्रक येऊन पडले, पाण्याचा हौद झाला, नियमांची पाटी लागली. उद्घाटनाला पंधरा-वीस कुत्री आपापल्या माणसांना घेऊन आली. फीत कापली, सगळे आत गेले, आणि सगळे पट्टे घट्ट धरून उभे राहिले. कोणी सोडेना. जो तो दुसऱ्याच्या कुत्र्याकडे बघत होता. कुत्री मालकांकडे बघत होती, मालक माझ्याकडे बघत होते, आणि कुंपणाबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय घेऊन बसलेले सर छत्री हलवत ओरडत होते, "छोडो! अरे छोडो ना भाई!" शेवटी टायगरच्या मालकाने धीर केला. टायगरने पट्टा निघताच सगळ्या वाळूला एक फेरी मारली, मग आधी म्हटल्याप्रमाणे फाटकाशी जाऊन घरी जायचं म्हणून बसला. पण दोन दरवाजे असल्यामुळे त्याला जाता येईना. ते पाहून बाकीच्यांनीही एकेक करत पट्टे काढले. सरांनी सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे पाठवला.

ती हिवाळ्यात आली. सर निवृत्त झाले होते. त्यांनी मला फोन करून तलावावर बोलावलं, "तुम्ही या मॅडम, तांत्रिक काही विचारलं त." इस्त्रीचा शर्ट, छत्री, आणि शेजारी ती. माझ्याच वयाची, केस आखूड, नाक वडिलांचं. आणि सोबत कुत्रं नव्हतं. मी आधी तिच्या मागे बघितलं, मग गाडीत बघितलं. कुठेच नव्हतं.

आम्ही दोन्ही दरवाजे उघडून आत गेलो. दुपारची वेळ होती, पट्टी रिकामी होती. सरांनी तिला कुंपणाची उंची सांगितली, हौद दाखवला, पिशव्या दाखवल्या. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. तो गेला. मागच्या वर्षीच. म्हातारा झाला होता."

"मले माहीत आहे," सर म्हणाले.

ती बघतच राहिली. "कसं?"

"व्हिडिओ कॉलवर तुह्या मागं, फ्रिजजवळ, त्याचं पाण्याचं भांडं दिसे. मंग दिसेनासं झालं."

"मग काहून बांधत राहिले तुम्ही हे?" तिचा आवाज चढला. "तुम्ही दर रविवारी कुंपणाचं सांगत होते, वाळूचं सांगत होते, मला सांगवेना. अन् तुम्हाला माहीत होतं!"

"त्रुटी तर कायम होती ना," सर म्हणाले.

ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सरांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि मग काय करावं हे न कळून छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. ऊन काही कडक नव्हतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दरवाजे उघडले असते तर आवाज झाला असता. म्हणून मी नियमांची पाटी वाचत उभी राहिले. ती मीच लिहिलेली होती.

तिने नाक पुसलं, वर छत्रीकडे बघितलं, मग सगळ्या पट्टीवर नजर फिरवली.

"बाबा, इथे सावलीच नाही," ती म्हणाली. "मे महिन्यात या वाळूवर पाय भाजतील कुत्र्यांचे. एवढंही कसं कळलं नाही तुम्हाला? झाडं पाहिजेत इथे. करंज लावा. करंज उन्हाळ्यात हिरवा राहतो."

"मॅडम," सर माझ्याकडे वळले, "लिहून घ्या. करंज."

ती गाडीत जाऊन बसल्यावर मला राहवलं नाही. सर निवृत्त झाले होते, आता बोलायला हरकत नव्हती. म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलं होतं मले. एकेक करून नवी त्रुटी काढणाऱ्याले फाइल मंजूर करायची नसते."

"हो," ते म्हणाले.

"मग?"

सरांनी छत्री मिटली. "मंजूर नसन करायची. पण बंद फाइलीले कोणी त्रुटी काढत नाही मॅडम. मी पाहिली आहे बंद फाइल. कितीक वर्षं पाहिली."

ती आपल्या ठरल्या दिवशी परत गेली. राहायला येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. सरांनी सगळं आधीच ओळखलं होतं, की त्यांनी तेवढ्यावर समाधान मानून घेतलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. या पावसाळ्यात मी कुंपणाच्या कडेने करंजाची रोपं लावून घेतली. सर प्रत्येक खड्ड्यापाशी छत्री घेऊन उभे होते, आणि टायगर आत आला तेव्हा तेवढे बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. रोपांचा फोटो काढून त्यांनी तिला पाठवला. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात उत्तर आलं. सरांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 'पाण्याच्या इतक्या जवळ काहून लावले, बाबा?'

सर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते.